बाईचं मत कोणत्या बाईले

"बाईची सीट आली ते चांगलंच झालं. पण दोन-दोन बायाईले उभं राहा लागते काय वो? एकच राहती तं आपलं काम किती सोपं होतं."

सत्यभामाबाई हे माझ्या कानाशी पुटपुटल्या. त्यांचे दोन्ही हात वर होते, माझा टेप त्यांच्या पाठीवरून पुढे येत होता आणि त्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाकडे पाहत होत्या. ब्लाऊजचं माप देताना बायका जे बोलतात ते त्या देवापुढेही बोलत नसतील. हात वर केले की मन सैल सुटतं, असं माझं मशीनवर बसून तयार झालेलं मत आहे.

"हात खाली घ्या," मी म्हटलं. "ढिलं किती ठेवू?"

"ठेव दोन बोटं. अन् मी बोलली ते कोनाले सांगू नको, आनंदाबाई."

सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. गावातल्या निम्म्या बायकांची तीच पंचाईत होऊन बसली होती.

त्याचं असं झालं, की रोवणीच्या शेवटच्या दिवशी आमचा बचत गट रेणूच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, होता. आमच्याकडे गटातल्या बायका धान आळीपाळीने रोवतात, आज हिच्या बांधीत तर उद्या तिच्या. रेणूची बांधी नेहमी शेवटी येते, कारण ती तलावाच्या पाटाच्या अगदी शेपटाला आहे. पाणी तिथे सगळ्यांच्या मागून पोचतं, आणि दरवर्षी पोचतंच असं नाही. गटातल्या बहुतेकींच्या बांध्या तिथेच आहेत, खुद्द अध्यक्ष सत्यभामाबाईंचीसुद्धा. वरच्या अंगाला, तलावाला लागून, गोपीचंदची शेती. गोपीचंद धानाचा व्यापारी, मागच्या खेपेचा सरपंच, आणि पाट उघडबंद करणारा पाणकर त्याच्या ऐकण्यातला. त्यामुळे गोपीचंदच्या बांधीत बेडूक पोहतात तेव्हा आमच्या बांधीला भेगा पडलेल्या असतात.

रेणू गटाची सचिव. तिचा नवरा मनिष तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होता, तो काही वर्षांखाली तापाने गेला. तेव्हापासून शेती ती करते, पोरीला शिकवते, आणि गावाच्या नळाची मोटर जळाली तेव्हा तालुक्याच्या ऑफिसात डबा घेऊन बसली आणि मोटर घेऊनच उठली. गावात तिच्याबद्दल बोलताना लोक आधी 'बिचारी' म्हणतात, मग जरा थांबतात, मग 'पण हुशार हाय' म्हणतात. त्या थांबण्यात काय असतं ते कोणी कधी विचारलं नव्हतं.

तर त्या शेवटच्या दिवशी रेणू कंबर सरळ करून म्हणाली, "यंदा मी उभी राहीन गोपीचंदभाऊच्या विरोधात. मले एकच कराचं हाय. एक वर्स पाण्याची पयली पाळी वरच्याईले, एक वर्स शेपटाले."

हे ऐकून सत्यभामाबाईंना स्फुरण चढलं. त्या नुकत्याच साकोलीला महिलांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या आणि तिथून एक पिशवी, एक पाण्याची बाटली आणि एक वाक्य घेऊन आल्या होत्या. पिशवी आणि बाटली घरी राहिली होती. वाक्य त्यांनी तिथेच चिखलात उभं राहून सांगितलं. "बाईचं मत बाईले."

आणि रोपांच्या शेवटच्या पेंडीवर त्यांनी सगळ्यांना हात ठेवायला लावले. आमच्याकडे रोवणी संपली की उरलेली शेवटची पेंडी फेकत नाहीत, बांधीच्या कोपऱ्यात तशीच खोचून ठेवतात. तिच्यावर घेतलेली आण मोडली तर धान पोचट निघतं म्हणतात. चिखलाने भरलेले सगळे हात एकावर एक पडले. सगळ्यात खाली रेणूचा हात होता, आणि ती हसत होती, कारण वरच्या हातांचं वजन तिला पेलत नव्हतं.

पुढे आरक्षणाची सोडत निघाली आणि आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. आम्ही पेढे वाटले. गोपीचंद घराबाहेर पडेना. गावाला वाटलं, गड्याला धक्का बसला. तो आत बसून बॅनर करून घेत होता.

बॅनर चौकात लागला तेव्हा त्याच्यावर दोन फोटो होते. मोठा गोपीचंदचा, हात जोडलेला. त्याच्या खांद्याआड लहानसा त्याच्या बायकोचा, चंद्रकांताबाईचा. खाली लिहिलं होतं, 'सौ. चंद्रकांताबाई, आपल्या हक्काची आपली बाई'. त्यातलं 'सौ.' नावापेक्षा ठळक होतं. बॅनरवाल्याचा हात जड पडला असेल, असं मी तेव्हा समजले.

त्याच दिवशी गोपीचंद सत्यभामाबाईंच्या छपरीत येऊन बसला. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "तुमी आन घेतली म्हने, बाईचं मत बाईले. मी तुमच्या आनेचा मान ठेवला. बाई मांगत होते ना तुमी? घ्या बाई."

सत्यभामाबाई रिकामी बशी उचलून आत गेल्या. शिबिरात एकाच वाक्यापर्यंत शिकवलं होतं.

*

मग गोपीचंदच्या घरी हळदीकुंकू झालं. रेणूला बोलावणं नव्हतं. ती समोरची उमेदवार म्हणून नव्हतं, असं सांगण्यात आलं. आलेल्या प्रत्येक बाईची ओटी भरली, आणि ओटीत नारळाबरोबर एकेक ब्लाऊजपीस. सगळे एकाच ताग्यातले, पोपटी. दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात पोपटी रंगाचा पूर आला. मी रात्री डोळे मिटले तरी पोपटी दिसायचं. मतदानाच्या दिवशी आमचं गाव मिरचीच्या वावरासारखं दिसणार, हे मला तेव्हाच कळलं.

चंद्रकांताबाईला माप द्यायला गोपीचंद स्वतः घेऊन आला. तो ओट्यावर बसला, ती आत आली. गोरी, बारीक, डोक्यावरचा पदर दातात धरायची सवय असलेली बाई. ती या गावात नांदायला आली त्याला पोरं लग्नाची होण्याइतका काळ लोटला, पण तिचा आवाज कसा आहे हे विचारलं तर गावात दोघींनी दोन उत्तरं दिली असती.

"बाही किती ठेवू?" मी तिला विचारलं.

"कोपरालोग," ओट्यावरून गोपीचंद म्हणाला.

"गळा?"

"गळा साधा ठेवा. फोटो निंघतीन," ओट्यावरून उत्तर आलं.

"मागून बटन का पुढून?"

यावर मात्र ओटा गप्प बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बोलत बोलत रस्त्यावर गेला. चंद्रकांताबाईने पदर दातातून काढला.

"बाही जरा लांब करा," ती हळूच म्हणाली. "आखूड मले आवडत नाई."

"करते."

"त्याईले नका सांगू."

मग ती भिंतीला टेकून उभी राहिली. मशीनवर रेणूचा एक जुना ब्लाऊज उसवायला पडला होता, निळा, काखेत विरलेला. तिने तो उचलून पाहिला, घडी केली आणि परत ठेवला. "रेणूचा ना?" म्हणाली. मी हो म्हटलं. आणखी काही बोलेल असं वाटलं, पण रस्त्यावरचा आवाज जवळ आला आणि पदर पुन्हा दातात गेला.

*

गटाची बैठक सत्यभामाबाईंच्या छपरीत भरली. रेणूला यायला उशीर होता, तिच्या बांधीत निंदण चालू होतं. बैठकीत विषय एकच होता, की कोणाला पाठिंबा द्यायचा. पाठिंबा म्हणजे काय ते सांगते. आमच्या गटातल्या बायका, त्यांच्या जावा, सुना, नणंदा धरल्या तर ज्या बाजूला गट, त्या बाजूला सरपंच. हे गोपीचंदलाही ठाऊक होतं आणि रेणूलाही.

सत्यभामाबाईंची सून तृप्ती अजून नवी होती, त्यामुळे तिला सरळ बोलायची खोड होती. ती म्हणाली, "आत्याबाई, याच्यात ठरवाचं काय हाय? आन तं आपण रेणूकाकूसाठीच घेतली होती."

"आन बाईसाठी घेतली होती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "नाव कोनाचं घेतलं नव्हतं."

"मंग दोघीही बाया हायेत तं कसं कराचं?"

"मंग जात पाहा लागते," कुंताबाई म्हणाली. कुंताबाई गटाची खजिनदार, आणि तिच्या घरचं धान गोपीचंदकडेच जातं. "आपल्या जातीची बाई पाहा."

"दोघी एकाच जातीच्या हायेत."

ही अडचण खरी होती. आमची जात कोणती ते मी इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याने आपली धरावी, काही बिघडत नाही.

"मंग पोटजात पाहा."

"ते बी एकच."

कुंताबाईला जरा घाम फुटला. एवढं सगळं सारखं असलेल्या दोन बायका देवाने एका गावात कशाला आणल्या, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. मग तिचा चेहरा उजळला. "माहेर. माहेर पाहा. चंद्रकांताबाई आसगावची. माही माय बी आसगावची. म्हंजे ती आपलीच झाली."

"तुही झाली," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "आमी तं सानगडीकडच्या."

"अन् रेणू बी सानगडीची," तृप्ती म्हणाली.

मोजून पाहायची गरज नव्हती. आमच्या गावात सानगडीच्या सुना भरपूर, आसगावच्या नावाला. कुंताबाईने माहेर जसं पटकन उचललं तसंच पटकन सोडून दिलं. "माहेराचं आता काय घेऊन बसता वो? लग्न झालं का माहेर संपलं."

मग देवधर्म निघाला. चंद्रकांताबाई सोमवार करते. रेणूही करते. मग पोरंबाळं निघाली. चंद्रकांताबाईला मुलगे, रेणूला मुलगी.

"मंग पोरीची माय जास्त बाई झाली," तृप्ती म्हणाली. "पोरीचं दुखणं तिले समजते."

यावर सगळ्यांना एकदम चहाची आठवण झाली.

गंमत अशी, की जे माप रेणूला बसत होतं ते लगेच उसवलं जात होतं आणि नवं काढलं जात होतं. मी शिवणारी बाई, मला हे काम ओळखीचं आहे. गिऱ्हाईक जेव्हा प्रत्येक फिटिंगला नाक मुरडतं तेव्हा त्याला ब्लाऊज वाईट वाटत नसतो. त्याला ते कापडच नको असतं. पण ते तो सांगत नाही, कारण कापड त्याने स्वतः निवडलेलं असतं.

"पाण्याचं काय मंग?" तृप्तीने विचारलं. "रेणूकाकू पयली पाळी शेपटाले देईन म्हनते. आपली बांधी शेपटालेच हाय, आत्याबाई."

"पानी पानी काय करतेस," सत्यभामाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "सरपंचाले का पाण्याचंच एक काम राहते? सरपंचाले समदीकडं जा लागते. लोकाईच्या लग्नात जा लागते, वास्तूत जा लागते. मंडईच्या जत्रेत नारळ फोडा लागते. तलाव भरला का ओटी भरा लागते. रेणूले एकटीले कुठं कुठं धाडाचं?"

"धाडाचं काय त्याच्यात? तिच्याजवळ स्कूटी हाय."

कुंताबाई हसली. सत्यभामाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू पोर किती लहान आहे हे त्यांना आजच कळलं.

तेवढ्यात रेणू आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात विळा. ओट्याच्या पायरीवर पाय धुतले, आत येऊन खांबाशी बसली आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "ठरलं काय?"

"ठरून राहिलं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "तू चहा घे."

रेणूने चहा घेतला. तिच्यासमोर कपात चहा होता आणि आजूबाजूला सगळ्या बायका एकमेकींच्या बांगड्या पाहत होत्या.

*

त्यानंतर ती माझ्याकडे निळा ब्लाऊज न्यायला आली. मी म्हटलं, घालून बघ, काखेत ठिगळ लावलंय, टोचत असेल. तिने हात वर केला.

"आनंदाबाई, एक विचारू काय?"

"विचार."

"मी पडली तं पडली. मले त्याचं दुःख नाई, खरंच नाई. हरनारे हरतेच. पण काहून पडली ते कोनीतरी माह्या तोंडावर सांगावं. रेणू, तुले काम येत नाई, म्हना. तुही भाषा कडू हाय, म्हना. तू लबाड हाय, म्हना. मी ऐकून घेईन. पण हे चहा पाजतात. जिच्या घरी जाते ती चहा पाजते अन् भिंतीकडं पाहाते. इतका चहा मी मनिष गेला तवा बी पिली नव्हती."

तिचा हात वरच होता. मी ठिगळाची कड पाहत होते.

"तुमी सांगा," ती म्हणाली. "तुमच्याकडं तं समद्या येतात. काय म्हनतात माह्याबद्दल?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या मी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ तोंडात ठेवल्या. नंतर म्हटलं, "हुशार म्हणतात."

"अन् त्याच्या आंधी?"

मी मशीनचं चाक फिरवलं. तिने हात खाली केला, ब्लाऊज पिशवीत घातला आणि 'येते' म्हणून गेली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

*

मतदान तोंडावर आलं असताना पाऊस लागून राहिला आणि तलाव भरला. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की त्याचा आवाज गावात येतो, आणि मग दुसऱ्या दिवशी सगळं गाव तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जातं. गावची पहिली बाई तलावाची ओटी भरते. साडीचोळी, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. तलाव म्हणजे गावाची माहेरवाशीण, तिला रिकामी परत पाठवायची नाही. आजवर सरपंच पुरुष असायचा आणि ओटी त्याची बायको भरायची. यंदा सरपंचच नव्हता, मुदत संपलेली, तालुक्याहून आलेले प्रशासक साहेब कारभार पाहत होते, आणि त्यांची बायको नागपूरला.

गोपीचंदला ही संधी समजावून सांगावी लागली नाही. पाळीवर मंडप, माइक, खुर्च्या. चंद्रकांताबाईच्या हातात पितळी ताट. नव्या पोपटी ब्लाऊजच्या बाह्या मनगटापर्यंत आल्या होत्या आणि गोपीचंदने त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं होतं. मागे आमचा गट उभा, सगळ्या पोपटी. प्रशासक साहेबांनी विचारलं, "हा महिला बचत गटाचा गणवेश आहे का?" सत्यभामाबाई म्हणाल्या, "हो."

रेणू निळा ब्लाऊज घालून आली होती. ती मंडपाच्या बाहेर, उतारावर थांबली.

तृप्तीने तिला पाहिलं आणि तिच्या त्या सरळ खोडीप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "आत्याबाई, रेणूकाकूले बी बोलवा ना. दोघीही उमेदवार हायेत. दोघी मिळून भरतीन ओटी."

तिथून पुढे जे झालं ते मी लांबून नाही, हातभर अंतरावरून ऐकलं.

"पाळ निसरडी हाय," कुंताबाई म्हणाली.

"ती बांधीत दिवसभर चालते," तृप्ती म्हणाली.

"ताट एकच हाय."

"ताट धराले चार हात बसतात."

"फोटोत गरदी होईन," गोपीचंद म्हणाला.

मग सगळ्यांनी प्रशासक साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा पुसला. "ओटीबद्दल शासनाचं असं काही परिपत्रक नाही," ते म्हणाले. "स्थानिक पातळीवर निर्णय घ्यावा."

स्थानिक पातळी तलावाकडे पाहू लागली. पाणी खूपच सुंदर दिसत असावं, कारण कोणाचीच नजर तिथून हलेना.

रेणू उतारावरून वर आली. मंडपाच्या खांबापाशी उभी राहिली. पाय आत टाकला नाही.

"सत्यभामाबाई," ती म्हणाली, "मी येऊ काय?"

सत्यभामाबाईंनी उत्तर द्यायच्या ऐवजी माइक घेतला. माणसाला माइक मिळाला की समोरच्या एकाच माणसाला उत्तर द्यावं लागत नाही, ही त्याची सोय आहे. त्या म्हणाल्या, "माह्या मायबहिनीहो. आमच्या गटानं आन घेतली होती, बाईचं मत बाईले. अन् आमी ते आन पाळून राहिलो. आमची आन कोनी मोडली म्हनू शकत नाई. चंद्रकांताबाई आपल्या बाई हायेत. आपल्या बाईले मत म्हंजे आपल्यालेच मत."

टाळ्या पडल्या. पोपटी हात बरेच होते.

"अन् मी?" रेणू म्हणाली. तिच्याजवळ माइक नव्हता, पण टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू बी बाईच हायेस वो," सत्यभामाबाई माइकमध्येच म्हणाल्या. "तू आपलीच हायेस. तुह्या हुशारीबद्दल कोनी काई म्हनून नाई राहिलं. पण..."

"पण काय?"

"पण तू एकटी हायेस ना बिचारी."

"एकटी म्हंजे काय, सत्यभामाबाई? बॅनरवर त्या जोडीनं हायेत, पण बॅलटवर चंद्रकांताबाई बी एकटीच राहीन. बटन काई जोडीनं राहत नाई. कामाले मी एकटी पुरली नाई काय? मोटर आनली तवा कोन होतं माह्यासंगं?"

सत्यभामाबाईंनी माइक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. त्या वाईट बाई नाहीत. मनिष गेला तेव्हा तेरा दिवस त्यांनीच रेणूच्या घरी भाकरी पोचवल्या होत्या. आताही त्यांचे ओठ हलत होते, आणि मला खात्री आहे, त्या तोंडाशी आलेला शब्द गिळत होत्या, कारण तो त्यांनी कधी रेणूच्या तोंडावर उच्चारला नव्हता आणि उच्चारला असता तर तिला पाहून रडल्या असत्या. न बोलता तिच्यावर चालवायला मात्र तो शब्द चालत होता. आम्हा सगळ्यांनाच चालत होता.

"मले फक्त कारन सांगा," रेणू म्हणाली. "एवढे लोक हायेत इथं. कोनी एकानं सांगा. मी ऐकते अन् जाते घरी."

प्रशासक साहेबांनी पुन्हा चष्मा पुसला.

गोपीचंद पुढे झाला. त्याने सत्यभामाबाईंच्या हातून माइक घेतला आणि हसून म्हणाला, "असू द्या, असू द्या. आजचा दिवस शुभ हाय, वाद नको. आता आपल्या भावी सरपंच चंद्रकांताबाई दोन शब्द बोलतीन, अन् मंग ओटी भरतीन." मग माइक आडवा धरून बायकोच्या कानाशी म्हणाला, "नमस्कार म्हन, अन् निवडून द्या म्हन. बस्स."

चंद्रकांताबाईने ताट कुंताबाईच्या हातात दिलं. माइक घेतला. तिने तो उलटा धरला होता, गोपीचंदने सरळ करून दिला. पदर दातात होता, तो तिने काढला आणि खांद्यावर नीट टाकला.

"नमस्कार," ती म्हणाली.

तिचा आवाज जाड होता, थोडा घोगरा. गावातल्या दोन्ही उत्तरांत तो नव्हता.

"रेणू कवाची विचारून राहिली. तिले कोनी सांगून नाई राहिलं," ती म्हणाली. गोपीचंदने माइककडे हात केला. ती एक पाऊल बाजूला सरकली, रेणू उभी होती त्या बाजूला. "पानी तिले समजते, मले नाई समजत. ऑफिस तिले समजते, मले आपल्या ब्लाऊजची बाही बी विचारत नाई कोनी. जात एक, गाव एक, बाया आमी दोघी. रेणू, तुहा नवरा मेला अन् माहा जित्ता हाय. मले मत देऊन राहिले ते एवढ्याचसाठी."